सप्टेंबरचा पट, डिसेंबरचा वर्ग

जिल्हा परिषदेच्या शाळेचं पुढचं नशीब ३० सप्टेंबरला ठरतं. त्या दिवशी पटावर जितकी मुलं, त्या हिशेबाने संचमान्यता, आणि संचमान्यतेत जितकी पदं मंजूर तितके शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात गणित साधं आहे. पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टावं मूल आलं की तिसरा. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात नोकरीची बरीचशी वर्षं काढलेल्या एका बाईंना या तारखेतली मेख फार लवकर कळली. ३० सप्टेंबरला वर्ग भरलेला असतो. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात दिवाळीच्या आगेमागे. मुलं मोजली जातात तेव्हा ती बाकावर असतात, आणि निम्मं वर्ष शिकवायचं उरलेलं असतं तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा कर्नाटकातल्या कुठल्या तरी उसाच्या फडात.

बाईंच्या शाळेचा पट चाळीसच्या आसपास. पाच इयत्ता, दोन शिक्षक, दोन खोल्या, एक व्हरांडा. डिसेंबरात पटावर चाळीसच नावं असतात. हजेरी घेताना मात्र बाईंचा आवाज मध्येच थांबत नाही. कुठली नावं नुसती वाचून पुढे जायची हे त्यांना सवयीने ठाऊक असतं.

त्या या व्यवस्थेत आल्या वस्तीशाळेतून. २००० नंतरच्या काही वर्षांत जवळ शाळा नसलेल्या वाड्या-वस्त्यांवर राज्यभर वस्तीशाळा निघाल्या. गावातलाच बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी निमशिक्षक म्हणून तुटपुंज्या मानधनावर नेमायची. शाळा भरायची देवळात, कुणाच्या पडवीत, नाहीतर लिंबाखाली. बाई तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. पुढे त्यांनी पत्राद्वारे डी.एड. केलं आणि २०१४ मध्ये शासनाने वस्तीशाळांच्या निमशिक्षकांना नियमित शिक्षक म्हणून सामावून घेतलं, त्यात त्याही आल्या. त्या दिवसांबद्दल त्या अभिमानाने बोलतात, आणि तो रास्तच आहे. ओढा ओलांडून जावं लागतं म्हणून घरीच राहणारी पोरं पाटी घेऊन बसली, हे लहान काम नव्हतं. पण भेटीला येणारे साहेब डोकी मोजायचे आणि चहा पिऊन जायचे. मूल वाचतं का, हे कुणी विचारल्याचं बाईंना आठवत नाही. लेकरू शाळेत बसलंय एवढ्यावर गावही खूश आणि कचेरीही.

मूल वाचतं का, हा प्रश्न देशभर मोठ्याने विचारला 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालांनी. २००५ पासून त्यांचे स्वयंसेवक गावोगाव घरी जाऊन मुलाच्या हातात एक कागद देतात. त्यावर अक्षरं, शब्द, छोटा उतारा, गोष्ट. आकडे दरवेळी झोंबतात. देशातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, कोरोनानंतर २०२२ मध्ये १६.३ टक्क्यांवर आली आणि २०२४ मध्ये २३.४ टक्क्यांवर गेली. ही सुधारणा खरी आहे आणि तरीही पाचातलं जेमतेम एक-सव्वा मूल वाचतं आहे, हेही खरं.

महाराष्ट्रात वारं फिरलं ते २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयाने. पायाभूत चाचण्या सुरू झाल्या, प्रत्येक मूल कुठल्या पातळीवर आहे ते लिहून ठेवायला लागलं. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जाऊ लागल्या. प्रतिभा भराडे या विस्तार अधिकाऱ्यांनी तिथल्या शाळांमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभं केलं होतं. बाईही गेल्या. फरशीवर आखलेले तक्ते, मुलांच्या हाताला येतील असे खाली लावलेले फळे, घोळक्याने बसून आपसांत बोलत गणित सोडवणारी दुसरीची मुलं. परत येताना जीपमधल्या बाकीच्या शिक्षकांत तक्ते कुठे छापून मिळतील याची चर्चा चालली होती. बाईंच्या डोक्यात दुसरंच. त्याच जिल्ह्यातल्या उसाच्या फडांवर हिवाळ्यात त्यांच्या वर्गातली पोरं असतात. रस्त्याच्या एका बाजूला राज्याला दाखवण्याजोगी सरकारी शाळा आणि दुसऱ्या बाजूला तोडकऱ्यांच्या कोप्यांच्या रांगा, जिथे तिसरीतली मुलगी धाकट्या भावाला झोपवून उसाच्या वाढ्यांच्या मोळ्या बांधते आहे. शिक्षण हमी कार्ड नावाचा एक कागद या मुलांना गाव सोडताना दिला जातो. तो दाखवला की जिथे जातील तिथल्या शाळेत त्यांना बसवून घ्यायचं असतं. कागद चांगला आहे. पण पहाटे तीनला फडावर जाणारी आई तो घेऊन कुठल्या शाळेत जाणार?

परतल्यावर बाईंनी तक्ते हातानेच केले. गुरुजींनी (शाळेत दुसरे शिक्षक म्हणजे गुरुजी, गावात अजून हाच शब्द चालतो) फरशी रंगवली. पहिला तास इयत्ता मोडून पातळीप्रमाणे बसायचं ठरलं: अक्षरवाले व्हरांड्यात, शब्द आणि उताऱ्याचे एका खोलीत, गोष्ट वाचणारे दुसऱ्या खोलीत. चौथीतला एक दांडगा मुलगा अक्षरगटात दुसरीच्या मुलांशेजारी बसायला लाजला, तेव्हा त्याला आधी खडू-फळ्याचा मालक केलं. दिल्ली सरकारने २०१६ मध्ये 'चुनौती' योजनेत वाचनाच्या पातळीवरून मुलांचे गट पाडले, तेव्हा त्यावर टीका झाली की असं केल्याने मागची मुलं कायमची मागची म्हणून शिक्का बसून राहतात. ती भीती बाईंना रोज दिसत होती. म्हणून तासाभराने गट मोडायचे आणि मुलं पुन्हा आपापल्या इयत्तेत.

खरा वाद निघाला तो पाचवीवरून. २०१७ पासून शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीऐवजी पाचवीला होऊ लागली होती आणि नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षाही पाचवीतच. जिल्ह्याचं नवोदय गेवराई तालुक्यात गढीला. आपलं लेकरू गढीला लागावं, हे डोंगरपट्ट्यातल्या शिकल्या-सवरल्या घरांचं मोठं स्वप्न. गावात अशी घरं थोडीच होती. विहीर बागायत असलेले दोघं-चौघं, एक किराणा दुकानदार, एक एसटीतले वाहक. यांची पोरं तोडीला जात नाहीत. दुकानदाराने एके दिवशी सरळच सांगितलं, "बाई, शिष्यवृत्तीचा जादा तास लावा. नाहीतर जूनला पोरगा तालुक्याला घालतो." तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी सकाळी गावच्या चौकापर्यंत येऊ लागली होती, त्यामुळे ही धमकी पोकळ नव्हती.

गुरुजींचं म्हणणं स्पष्ट होतं. ज्यांच्या घरी पुस्तक आहे, आई शिकलेली आहे, त्यांच्यासाठी अजून एक तास? आणि तो तास येणार कुठून? व्हरांड्यातल्या अक्षरगटाच्या वाट्यातूनच ना? यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

बाईंनी तरीही जादा तास लावला. त्यांचा हिशेब असा: किराणावाल्याचा मुलगा गेला की वाहकाची मुलगी जाणार, ती गेली की बागायतदारांची. पिवळी गाडी एका मुलासाठी येत नाही, पण चार मुलांसाठी दारापर्यंत येते. कायद्याच्या परिशिष्टात काहीही लिहिलेलं असो, पट असाच घसरत गेला की दुसऱ्या शिक्षकाची जागा डळमळते. गुरुजी अतिरिक्त ठरून समायोजनात दुसरीकडे जातील आणि मग ज्यांच्यासाठी ते भांडत होते त्या पोरांना पाच इयत्तांमागे एकच शिक्षक उरेल. सुस्थितीतल्या चार घरांना शाळेत धरून ठेवणं ही गरीब मुलांच्या शिक्षकाची किंमत होती, आणि ती बाईंनी मोजली. शैक्षणिक धोरणांच्या चर्चेत समता आणि गुणवत्ता ही तराजूची दोन पारडी असल्यासारखं बोलतात. एकात टाकलं की दुसरं वर जातं. या शाळेत त्या एकमेकींच्या पायात पाय अडकवून उभ्या होत्या.

तास सकाळी शाळेआधी भरू लागला. अक्षरगटाचा वेळ वाचला, बाईंची झोप गेली. शिष्यवृत्तीची मुलं वर्गात मोकळी होत तेव्हा त्यांना धाकट्यांना वाचून दाखवायला बसवायचं, अशी युक्तीही निघाली. ती फार चालली नाही. एका आईने विचारलं, "माझी पोरगी शिकायला येते का शिकवायला?" बाईंना प्रश्न आवडला नाही, पण उत्तरही सुचलं नाही. मुंबई आणि बडोद्यात 'प्रथम'ने चालवलेल्या बालसखी कार्यक्रमाचा या शतकाच्या सुरुवातीला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला होता. वर्गातली मागे पडलेली मुलं दिवसातले काही तास वस्तीतल्या एका तरुण बालसखीकडे जात. त्यांचं वाचन-गणित लक्षणीय सुधारलं. हे नेहमी सांगितलं जातं. त्यातला दुसरा निष्कर्ष कमी सांगितला जातो: मागे वर्गात उरलेल्या मुलांचा वर्ग लहान झाला, तरी त्यांच्या शिकण्यात विशेष फरक पडला नाही. त्या आईची तक्रार तशी निराधार नव्हती. पुढच्या पोरांना नुसतं मोकळं सोडलं म्हणजे ती आपोआप पुढे जात नाहीत. त्यांच्यासाठीही कुणीतरी डोकं लावावं लागतं. आणि दोन शिक्षकांच्या शाळेत डोकी दोनच असतात.

समतेची बाकीची कामं रजिस्टरांतून चालत. १९९२ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला, दिवसाला एक रुपया. तीस वर्षं उलटून गेली तरी रक्कम एक रुपयाच राहिली होती. वर्षाचे जे काही दोनशे-सव्वादोनशे रुपये होत, त्यासाठी बँकेत खातं उघडायला तालुक्याला जायचं भाडंच जास्त. गणवेशाचंही तसंच. समग्र शिक्षाच्या नियमांत सगळ्या मुली आणि अनुसूचित जाती-जमातीचे व दारिद्र्यरेषेखालचे मुलगे बसत. बाकीचे मुलगे बसत नसत. एकाच रांगेतल्या दोघांपैकी एकाला नवा सदरा आणि दुसऱ्याला नाही, आणि ज्याला नाही त्याच्याही बापाच्या डोक्यावर ऊसतोडीच्या मुकादमाची आगाऊ उचल. २०२३ मध्ये राज्याने उरलेल्या मुलांनाही गणवेश देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कुठे दरवर्षी आपल्या पगारातून चार सदरे शिवून घेण्याचं बाईंचं काम संपलं.

दसऱ्यानंतर मात्र रजिस्टर बंद आणि गावफेरी सुरू. हंगामी वसतिगृहाची योजना आहे: आईबाप तोडीला गेले तरी मुलांनी गावात राहावं, शाळा व्यवस्थापन समितीने त्यांच्या जेवणाखाण्याची सोय करावी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, त्यामुळे आईला मागे ठेवणं शक्य नसतं. मग बोलणं आजीवर येतं. "लेकराला सांभाळायला कोणंय?" असं बाई विचारतात. "म्हातारी हाय की, पण तिलाच दिसत न्हाई," असं उत्तर येतं. मुलगे तुलनेने सहज मागे राहतात. मुलीसाठी घासाघीस करावी लागते, कारण फडावर धाकट्याला कोण बघणार हा प्रश्न असतो. आणि मुलगी दहा-अकराची झाली की आजीपाशी तिला ठेवायला आईच तयार होत नाही. तिची भीती वेगळी असते आणि ती बाईंना सांगावी लागत नाही.

तिसरीतली एक मुलगी सप्टेंबरात गोष्ट वाचत होती, हावभावासकट. ती गेली. एप्रिलमध्ये टोळी परतली, दुसऱ्याच आठवड्यात संकलित चाचणी. उताऱ्याच्या दुसऱ्या ओळीला ती अडखळली आणि मग तिने कागद खाली ठेवून दिला. चाचणीत तिचे गुण जे पडायचे ते पडले. अशा दहा-पंधरा मुलांनी वर्गाची सरासरी खाली ओढली. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शाळांची यादी टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने पडद्यावर आली, तेव्हा बाईंची शाळा खालून मोजायची. ज्या शाळांनी स्थलांतरितांची फारशी दखलच घेतली नव्हती, त्यांचे आकडे बरे होते. बाईंनी तिथे उभं राहून एक सूचना केली: पट जानेवारीतही मोजा, आणि परतलेल्या मुलांची चाचणी परतल्याच्या दिवशी एकदा व जूनमध्ये एकदा घ्या, म्हणजे कोण किती चढलं ते कळेल. सूचना सगळ्यांना पटली. पोर्टलवर तसा रकाना नसल्याने ती तिथेच राहिली.

कोरोनाच्या काळाबद्दल त्या फार बोलत नाहीत. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमात रोज अभ्यासमाला यायची, ती पुढे पाठवायची पालकांच्या फोनवर. ज्यांच्याकडे फोन होता ती तीच चार घरं. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला पुन्हा भरले, तेव्हा टोळ्या गावाबाहेर होत्या. दोन हंगाम काहीच न शिकता गेलेल्या पोरांचा तिसराही हंगाम तसाच गेला.

चांगली सरकारी शाळा उभी राहिली की काय होतं, याचं एक टोक पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत दिसलं. गावकऱ्यांनी जमीन दिली, कंपनीच्या सामाजिक निधीतून काचेचे वर्ग झाले आणि प्रवेशासाठी बाहेरगावच्या पालकांची रांग लागली. जिल्हा परिषदेच्या शाळेला प्रतीक्षायादी, ही बातमी वाचून बाईंना आनंद झाला आणि लगेच शंकाही आली. रांग लागली की आत कोण जाणार? रांगेत उभं राहायला ज्यांना सवड आहे ते. शिवाय वाबळेवाडीच्या आसपास कारखाने आहेत, आणि ते सामाजिक निधी देणारे. बीडमध्ये कारखाने आहेत ते साखरेचे, आणि ते पैसा देतात तो मुकादमाला.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवर २०२४ मध्ये राज्यात बराच गदारोळ झाला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्या जागांतून सूट, असा बदल फेब्रुवारीत आला. उच्च न्यायालयाने तो जुलैत रद्द केला. बाईंच्या गावाला त्याने काहीच फरक पडला नाही. त्या प्रवेशात घर आणि शाळा यांमधलं अंतर बघतात आणि तालुका डोंगर उतरून पलीकडे. फुकट जागा गावापर्यंत पोचत नाही, पिवळी गाडी पोचते.

मग टेबलावर समूह शाळेचा, म्हणजे लहान शाळा एकत्र करण्याचा, विषय आला. २०१७ मध्ये दहाच्या आतल्या पटाच्या १,३१४ शाळा बंद करायचा निर्णय झाला होता, त्याहून हा मोठा. वीसच्या आत पट असलेल्या राज्यातल्या सुमारे पंधरा हजार शाळांबाबत सप्टेंबर २०२३ मध्ये प्रस्ताव मागवले गेले. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ. बाईंच्या शाळेचा पट वीसच्या वर, तरी गावात बोलायला सुरुवात झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं बाई आडव्या येतील. त्या तशा आल्या नाहीत. पाच इयत्तांना दोन शिक्षक हाही अन्यायच, असं त्यांनी समितीच्या बैठकीत सांगितलं. इयत्तेला एक शिक्षक, वाचनालय, खेळायला पुरेशी मुलं हे आपल्या पोरांना का नको? मात्र गाडी सकाळी सातला घाटात येणार आणि आईबाप फडावर. डोळ्याने अधू आजी सहा वर्षांच्या नातवाला कुठल्या थांब्यावर उभा करणार? त्यांनी ठरावात अट घालायला लावली: आधी समूह शाळेला जोडून वसतिगृह, गाडीत मुलं सांभाळायला मदतनीस, मग शाळा हलवा. ठराव गटशिक्षणाधिकारी कार्यालयात दिला आणि पोच घेतली. पुढे काय होईल ते होईल.

दरम्यान गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून एक तरुण सर आले. नेहमीचा रिवाज असा की अनुभवी शिक्षकाने परीक्षेचा वर्ग घ्यायचा आणि नव्याने पहिली. बाईंनी उलटं केलं. दिवाळीपर्यंत जे मूल अक्षरं ओळखून शब्दावर येतं, ते एप्रिलमध्ये परतल्यावर लवकर सावरतं आणि जे त्याआधी जातं ते पुन्हा शून्यावर येतं, हे त्यांनी इतक्या हंगामांत बघितलं होतं. त्यामुळे जून ते दिवाळी हे महिने आणि पहिलीचा वर्ग त्यांनी स्वतःकडे घेतला. किराणावाल्याची धाकटी मुलगी यंदा पाचवीला आहे. तो शाळेच्या फाटकापाशी थांबून म्हणाला, "बाई, पाचवी सोडली म्हणता? मग आमच्या पोरीचं काय?"

"पाचवीला सर आहेत, गणित माझ्यापेक्षा बरं शिकवतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही तेवढे तिचे दाखले काढून ठेवा. नवोदयचा फॉर्म ऑनलाइन भरायचाय, आणि मागच्या खेपेला तुम्ही शेवटच्या दिवशी आला होता."